शिडीचं गणित: सुरुवातीला एवढंच पक्कं कर

अकरावीत शिडीच्या गणितावर (भिंतीला टेकवलेली शिडी घसरेल की नाही) अडलास म्हणून नाराज होऊ नकोस, बहुतेकांचं इथंच अडतं. सध्या भिंत गुळगुळीत धर. भिंतीचं घर्षण नंतर बघू.

१. आधी आकृती काढ. बलं चारच: मधोमध शिडीचं वजन, पायथ्याशी जमिनीची वरच्या दिशेनं प्रतिक्रिया, तिथंच भिंतीच्या दिशेनं घर्षण, आणि वर भिंतीचा आडवा रेटा. घर्षणाचा बाण उलटा काढणारे फार.

२. मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) पायथ्याभोवती घे. जमिनीची दोन्ही बलं आपोआप गळतात.

३. घर्षणांक (जमिनीची पकड किती ते सांगणारा आकडा) गुणिले जमिनीची प्रतिक्रिया ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. शिडी घसरायच्या बेतात असेल तरच बरोबरीचं चिन्ह टाक. सगळ्यात जास्त मार्क इथं जातात.

आता माणूस चढव, खरी गंमत तिथं आहे. शिडी जमिनीशी ६० अंशांवर असेल तर रिकाम्या शिडीला ०.२९ घर्षणांक पुरतो. शिडी हलकी असली आणि माणूस टोकाला पोचला, की जवळजवळ ०.५८ लागतो. म्हणून पहिल्या पायरीवर भक्कम वाटणारी शिडी वर गेल्यावर निसटते! ७५ अंशांवर तेच काम ०.२७ मध्ये भागतं.

दिवाळीच्या सफाईत दांडिया बाजारातल्या घरी शिडी लावशील, तेव्हा हेच वापर: टेकू चार फूट उंचीवर, तर शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट, म्हणजे साधारण ७५ अंश होतात. कोटा फरशी ओली असेल तर आधी कोरडी पूस, आणि शिडीच्या पायांचं रबर झिजलंय का ते उलटं करून बघ.