आधी तपासणी, मग यंत्र : घरातल्या पाण्या-हवेविषयी वाचकांचे प्रश्न

घरातल्या पाण्याविषयी आणि हवेविषयी येणाऱ्या पत्रांत एक गोष्ट हमखास सापडते : यंत्र घेऊन झालेलं असतं आणि तपासणी झालेली नसते. शेजाऱ्यांनी सांगितलं, विक्रेत्याने दाखवलं, कुणीतरी मेसेज पुढे पाठवला, एवढ्यावर निर्णय होतो. तेच ते गोंधळ पुन्हा पुन्हा येतात, म्हणून काही प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो आहे. तुमच्या घराचं किंवा तब्येतीचं निदान पत्रावरून होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

प्रश्न : पाणी नेमकं किती वेळ उकळायचं?

खळखळून उकळी आल्यावर 1 मिनिट. 2000 मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर 3 मिनिटं.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. तीन महिन्यांच्या बाळाचं पावडरचं दूध त्याच पाण्यात करतो, पण पाणी उकळून घेतो. चालेल ना?

नाही. आजपासून बंद करा. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट तिथेच राहतं. उलट वाफेने पाणी कमी होतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. आर्सेनिक, फ्लोराइड आणि शिसं यांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे आणि ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना डोळ्यांपुढे ठेवूनच ठरवली आहे. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे घटू शकते. तपासून सुरक्षित ठरलेलं दुसरं पाणी वापरा आणि अहवाल घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटा. ओठ किंवा नखं निळसर दिसली तर भेटीची वेळ मागत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : एका विक्रेत्याने आमच्या नळाच्या पाण्यात दोन कांड्यांचं यंत्र बुडवलं. दोन मिनिटांत पाणी तपकिरी, गढूळ झालं. त्याच्या आरओचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. टीडीएसही आमचा 310 आणि त्याचा 25. आम्ही इतकी वर्षं विष पीत होतो का?

तुम्ही पाहिलेली घाण पाण्यातली नव्हती, त्या कांडीची होती. त्यातली एक कांडी लोखंडाची असते. वीज सोडली की ती झिजते आणि गंजाचा चोथा पाण्यात उतरतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून तिथे चोथा भरपूर. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते तसंच राहतं. तो माणूस पुन्हा आला तर त्याच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून यंत्र बुडवायला सांगा. तेही तपकिरी होईल. लोकांच्या भीतीवर चालणारा हा प्रकार आहे आणि तो अजून खपतो याचं मला वाईट वाटतं.

आता टीडीएस. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत त्याचा अंदाज देतो. त्याला जंतू दिसत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. तुमच्या पाण्यात त्याच्या दसपट आर्सेनिक असलं, तरी 310 चा आकडा 311 सुद्धा होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएसला आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. 600 पर्यंत चव बरी लागते, 1000 च्या पुढे पाणी प्यावंसं वाटत नाही, इतकाच त्याचा अर्थ. 310 ला घाबरू नका आणि 25 वर विसंबूही नका.

पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. जंतूंसाठीची बाटली त्यांच्याकडूनच आणा. ती निर्जंतुक असते, आतून हात लावू नका, विसळू नका. नळाची जाळी काढून, पाणी थोडा वेळ वाहू देऊन मग भरा आणि गार ठेवून त्याच दिवशी पोचवा. जमिनीतलं पाणी असेल तर नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिकही पाहायला सांगा. जंतू निघाले तर यूव्हीने, म्हणजे अतिनील किरणांच्या यंत्राने, काम भागू शकतं, पण पाणी नितळ हवं. फ्लोराइड किंवा आर्सेनिक निघालं तर यूव्हीचा काडीचा उपयोग नाही, तिथे आरओसारखं काही लागेल. नेमकं काय, ते अहवाल समोर ठेवून पाण्याच्या जाणकाराला विचारा, विकणाऱ्याला नको.

प्रश्न : जुन्या घरात शिशाचे पाइप आहेत. सकाळी गरम पाण्याच्या नळाचंच पाणी स्वयंपाकाला घेतो, गॅस वाचतो.

घेऊ नका. गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं आणि रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यात तर आणखी. पिण्या-रांधण्याला गार नळाचंच पाणी घ्या, तेही थोडं वाहू देऊन. पण हा तात्पुरता उपाय, पाइप बदलावेच लागतील. घरात लहान मुलं असतील तर डॉक्टरांना विचारून त्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. शिशाची निर्धोक अशी पातळी नाही.

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून घरात सगळ्यांचंच डोकं दुखतं, मळमळतं. बाहेर पडलं की बरं वाटतं. ऑक्सिमीटरवर 98 येतं, कार्बन डायऑक्साइडचा मीटरही ठीक दाखवतो. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, पण गॅसचा वास कधीच येत नाही. पित्त असेल का?

पुढचं वाचण्याआधी गिझर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि सगळे बाहेर या. कुणाला ग्लानी किंवा चक्कर असेल, कुणी गरोदर असेल, कुणाला हृदयविकार असेल तर लगेच रुग्णालयात जा.

एका घरातल्या सगळ्यांना एकदम पित्त होत नाही. सगळ्यांना एकच त्रास, बाहेर गेलं की उतार, घरी आलं की पुन्हा सुरू. ही लक्षणं कार्बन मोनॉक्साइडची असू शकतात. जळणाला पुरती हवा मिळाली नाही की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसचा जो वास तुम्ही ओळखता, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळाल्यावर तयार झालेल्या वायूत तो नसतो. म्हणून ‘वास येत नाही’ हे वाक्य वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर प्रकाशाने मोजतो आणि त्याला हे दूषित हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. त्यामुळे माणूस गुदमरत असताना तो 98 दाखवू शकतो. कार्बन डायऑक्साइडचा मीटर तर वेगळाच वायू मोजतो. तो खोलीत हवा किती खेळते ते सांगायला चांगला, पण इथे बिनकामाचा.

डॉक्टरांकडे गेलात की ‘घरात गॅसचं उपकरण आहे, सगळ्यांनाच त्रास होतोय’ हे आधी सांगा. त्यांना कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनची, रक्ततपासणी करावीशी वाटेल. ती लवकर व्हायला हवी. स्वच्छ हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण साधारण 4 ते 5 तासांत निम्मं होतं, आणि प्राणवायू लावला तर त्याहून खूप लवकर. सकाळी त्रास झाला आणि दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, तर अहवाल स्वच्छ येईल आणि तुम्ही निश्चिंत होऊन पुन्हा त्याच बाथरूममध्ये शिराल. ही दिरंगाई जिवावर बेतते.

‘खिडकी बोटभर उघडी ठेवली की झालं’ हा सल्ला मी असंख्य वेळा ऐकला आहे. त्यावर विसंबू नका. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा, किंवा त्याचा धूर नळीने थेट घराबाहेर जायला हवा. बंद खोलीतला एक्झॉस्ट पंखा तोच धूर उलटा आत ओढू शकतो. ज्योत पिवळी पडली, भिंतीला काजळी धरली तर धोक्याची खूण समजा. ज्योत निळी आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. पेटती शेगडी झोपण्याच्या खोलीत कधीच नको. जनरेटर घरापासून निदान 6 मीटर लांब, खिडकीकडे धूर येणार नाही असा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा आणि त्याच्यावरची मुदत बघा, कारण त्यातला सेन्सर संपतो. प्रशिक्षित माणसाने तपासेपर्यंत गिझर सुरू करू नका.

प्रश्न : हवा शुद्ध करायला कोणती झाडं ठेवावीत?

आवडतील ती ठेवा, हवेसाठी नको. झाडं हवा शुद्ध करतात या समजामागचा मूळचा प्रयोग 1989 मध्ये हवाबंद पेट्यांत झाला होता. खऱ्या घरात फटींतून, दारांतून जेवढी हवा बदलते, तिच्यापुढे कुंड्यांचा हिशेब लागत नाही.

प्रश्न : ओझोन सोडणारा प्युरिफायर दमा असलेल्या आईसाठी घेऊ का?

मुळीच नको. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे आणि दमेकऱ्याला अधिकच. हेपा फिल्टरचं यंत्र धूळ आणि धुराचे कण पकडतं, वायू पकडत नाही. घ्यायचं की नाही ते आईच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

प्रश्न : भिंतीवर काळी बुरशी येते. दरवर्षी रंग देतो, पुन्हा येते. ही विषारी जात आहे का हे कुठे तपासायचं?

जात शोधण्यात पैसे घालवू नका. कोणतीही असली तरी काढायचीच आहे. पाणी कुठून येतंय ते शोधा : गळका पाइप, गच्चीची भेग, वाफ कोंडणारं बाथरूम. ओल थांबली नाही तर रंग म्हणजे नुसतं झाकण. घरातली दमटपणाची पातळी 60 टक्क्यांच्या खाली ठेवा आणि भिजलेली गादी, गालिचा 24 ते 48 तासांत वाळवा. नाही वाळला तर टाकून द्या. साफ करताना ब्लीचमध्ये अमोनिया किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. डाग मोठा असेल किंवा घरात कुणाला श्वासाचा विकार असेल तर स्वतः खरवडत बसू नका, जाणकार माणूस बोलवा.

प्रश्न : तळघरातल्या खोलीत मुलगा झोपतो. रेडॉनबद्दल वाचलं. खिडकी उघडी ठेवली तर पुरे का?

मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. रेडॉन हा किरणोत्सारी वायू जमिनीतल्या युरेनियममधून निर्माण होतो, भेगांतून वर येतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. धूम्रपान करणाऱ्याला धोका कितीतरी जास्त. त्याची पातळी दिवसागणिक बदलते, त्यामुळे काही महिने ठेवायचा डिटेक्टर वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती घनमीटरला 100 बेकरेलच्या (बेकरेल हे किरणोत्साराचं एकक) खाली असावी आणि काही झालं तरी 300 च्या वर जाऊ नये. वर निघाली तर जमिनीखालून हवा ओढून बाहेर टाकण्याची व्यवस्था करता येते, पण तिची आखणी त्यातल्या तज्ज्ञाकडूनच करून घ्या. तोवर मुलाचं अंथरूण वरच्या मजल्यावर हलवा.