पाण्याखालची पाटी

नाशिक

बाळा, अनेक आशीर्वाद.

मालवणला डायव्हिंग शिकायला निघालास हे तुझ्या आईकडून कळलं. ती घाबरली आहे आणि तू हवेत आहेस. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

पाठीवर सिलिंडर घेऊन खाली उतरता आलं की समुद्रातलं संशोधन झालं, असं समजू नकोस. ते द्राक्षबागेपर्यंत मोटारसायकलने जाण्यासारखं आहे. घड मोजायचे ते पुढेच. आम्ही समुद्रतळावर ५० मीटरची टेप अंथरतो आणि तिच्या कडेने संथ पोहत, ठरवलेल्या रुंदीत दिसेल तो मासा प्लास्टिकच्या पाटीवर टिपतो. साध्या शिसपेन्सिलीने. ती पेन्सिल दोरीने बांध! माझी पहिल्याच सर्व्हेला हातून सुटली आणि डोळ्यांदेखत वर तरंगत गेली. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नसतं, त्यामुळे मागे धावताही येईना. काम तिथेच संपलं.

दुसरी फसगत डोळ्यांची. मास्कमधून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. मी वीतभराचे लिहिलेले मासे प्रत्यक्षात बरेच लहान असणार. याचा सराव इथेच होतो. तरण तलावात परवानगी काढून पीव्हीसी पाइपचे कमीजास्त लांबीचे तुकडे तळाशी टाक, पाण्यातूनच अंदाज लिही, मग वर आणून पट्टीने मोज. आठवडाभरात नजर बसते. माशांत मन रमलं नाही तरी हे वाया जात नाही. द्वारकेच्या समुद्रातले दगडी नांगर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी असेच खाली उतरून मोजले, रेखाटले.

गंगापूर धरणात मात्र स्वतःच्या डोक्याने उतरू नकोस. ३०० मीटरपेक्षा उंचावरच्या पाण्यासाठी डायव्हची गणितं वेगळी असतात आणि आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर राहतो.

परतीचंही तेच. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, नायट्रोजन अंगात मुरतो आणि बाहेर पडायला वेळ घेतो. त्याआधीच उंचावर गेलास तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे धरतात. विमानासाठी एका डायव्हनंतर १२ तास, अनेक डायव्हनंतर किमान १८ तास थांबायला सांगतात. घाट म्हणजे विमान नव्हे, तरी मी रात्रभर मुक्काम केल्याशिवाय गाडीत बसत नाही. मालवणात एक रात्र जास्त काढायला काय हरकत आहे? मासे ताटातही असतात.

सर्दी असेल तर उतरायचं नाही. कानाचं दुखणं वाईट.

निघण्याआधी घरी येऊन जा. माझी जुनी पाटी काढून ठेवली आहे, दोरीसकट.