अमेरिकेतल्या गावरस्त्यांवरचे झुलते रेल्वे सिग्नल का नाहीसे होत चाललेत?

मुख्य कारण सुट्या भागांचं. या ‘विगवॅग’ सिग्नलचं उत्पादन कित्येक दशकांपूर्वीच थांबलं, त्यामुळे एक बिघडला की दुसऱ्याचे भाग काढून लावावे लागतात. शिवाय फाटकाचं नूतनीकरण निघालं की आलटूनपालटून लुकलुकणारे लाल दिवेच बसतात.

१९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पॅसिफिक इलेक्ट्रिक रेल्वेच्या अल्बर्ट हंट यांनी हा सिग्नल काढला. फाटकावरचा माणूस लाल कंदील हलवायचा, तेच काम यंत्राकडे दिलं. विद्युतचुंबक आळीपाळीने ओढतात, मधोमध लाल दिवा असलेली तबकडी लंबकासारखी झुलते आणि सोबत घंटा टण् टण् वाजत राहते. त्या हलण्याकडे नजर आपसूक वळते. नुसत्या लुकलुकण्यात ती ओढ नाही, असं मला मनापासून वाटतं. काही रेल्वे संग्रहालयांनी ते चालू स्थितीत जपलेत, तिकडे गेलात तर जरूर बघा.