'व्हिच आय वर्क्ड ऑन' की 'ऑन व्हिच आय वर्क्ड'?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कशाचं आहे ते सगळ्यांना कळेल. कळव्याच्या मराठी शाळेत शिकून तुम्ही आता ऐरोलीला एका आयटी कंपनीत लागला आहात. मेलमध्ये तुम्ही 'द प्रोजेक्ट व्हिच आय वर्क्ड ऑन' असं लिहिलंत, तर वरिष्ठांनी 'शेवटी प्रिपोझिशन चालत नाही' म्हणून 'ऑन' खोडलं. पुढच्या वेळी तुम्ही 'द प्रोजेक्ट व्हिच आय वर्क्ड' लिहिलंत, तेही चूक ठरलं. मग धोका नको म्हणून 'ऑन व्हिच आय वर्क्ड ऑन' लिहून टाकलंत. यातलं बरोबर कुठलं, असं तुम्ही विचारताय.

तुमचं पहिलं वाक्य बरोबर होतं. 'द प्रोजेक्ट ऑन व्हिच आय वर्क्ड' हेही बरोबर आणि 'द प्रोजेक्ट आय वर्क्ड ऑन' हेही. 'ऑन' पुढे जाईल नाहीतर शेवटी राहील, पण ते यायलाच हवं आणि एकदाच यायला हवं. वरिष्ठांना शेवटी नको होतं तर त्यांनी ते उचलून 'व्हिच'च्या आधी ठेवायचं होतं. नुसतं खोडल्यावर वाक्य लंगडं होणारच.

ठाण्यात मी बरीच वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. रिलेटिव्ह क्लॉजमध्ये, म्हणजे 'जो-जी-जे'ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात, त्यांच्या हातून सगळ्यात जास्त काय होत असेल तर प्रिपोझिशन गळतं. 'द सोसायटी व्हिच आय लिव्ह', 'द पर्सन आय स्पोक'. हुशार मुलांचंही होतं. याचं मूळ मला इंग्रजीपेक्षा आपल्या बोलण्यात दिसतं. मराठीत हीच गोष्ट आपण दोन तऱ्हांनी सांगतो. एक, 'ज्या सोसायटीत मी राहते ती सोसायटी'. दुसरी, 'मी राहत असलेली सोसायटी', किंवा त्याहून सोपं, 'मी राहते ती सोसायटी'. आता नीट बघा. पहिल्या वाक्यात 'सोसायटीत' असा प्रत्यय स्पष्ट आहे. दुसऱ्या तऱ्हेत तो नाहीच! 'मी शिकले ती शाळा', 'आपण बसलो होतो ते हॉटेल', 'ती काम करते ती कंपनी': कुठेही 'त' नाही, 'मध्ये' नाही, आणि तरी कुणाचं काही अडत नाही. रोजच्या बोलण्यात आपण बहुतेकदा हीच तऱ्हा वापरतो. तेच मनात धरून इंग्रजी लिहायला गेलं की 'इन' लिहायचं सुचतच नाही, कारण मनातल्या वाक्यात त्याची जागाच नसते.

म्हणून लिहिताना वाक्य मनात 'ज्या'पासून सुरू करा. ज्यात, ज्यावर, ज्याच्याशी, ज्याच्यासाठी. 'ज्या प्रोजेक्टवर मी काम केलं' म्हटलंत की तो 'वर' डोळ्यांसमोर येतो आणि 'ऑन' विसरत नाही. 'ऑन व्हिच' ही रचना आपल्याला जवळची वाटते तीही याचमुळे. 'ऑन' एकटं शेवटी जाऊन बसणं मात्र मराठी कानाला परकं आहे, कारण आपला प्रत्यय त्याच्या शब्दाला सोडून वाक्याच्या टोकाला कधी जात नाही. ते मुद्दाम वाचून, ऐकून अंगवळणी पाडावं लागतं.

एक सावधगिरी मात्र हवी. 'ज्या'ला लागलेला प्रत्यय फक्त आठवण करून देतो. कुठलं प्रिपोझिशन घ्यायचं, किंवा मुळात घ्यायचं का, हे इंग्रजी क्रियापद ठरवतं. 'ज्या लोकलची मी वाट बघतेय' यात 'ची' आहे म्हणून 'ऑफ' येत नाही, 'वेट'ला 'फॉर' लागतं: 'द लोकल आय ॲम वेटिंग फॉर'. 'ज्या विषयावर आम्ही चर्चा केली' याचं 'अबाउट व्हिच वी डिस्कस्ड' होत नाही. 'डिस्कस'ला काहीच लागत नाही, 'द इश्यू व्हिच वी डिस्कस्ड' एवढंच. 'ज्याच्याशी तिने लग्न केलं' यातही 'विथ' नको: 'द मॅन शी मॅरिड'.

शंका आली की वाक्य फोडून दोन साधी वाक्यं करा. 'ठाणे इज अ स्टेशन. इंडियाज फर्स्ट पॅसेंजर ट्रेन रॅन टू ठाणे इन १८५३.' दुसऱ्या वाक्यात 'टू' आहे ना? मग जोडताना ते हरवता कामा नये: 'ठाणे इज द स्टेशन टू व्हिच इंडियाज फर्स्ट पॅसेंजर ट्रेन रॅन इन १८५३.' आणि 'टू' एकदा पुढे नेलंत की 'रॅन'नंतर पुन्हा नको. तुमचं 'ऑन व्हिच आय वर्क्ड ऑन' तिथेच फसलं. नोकरीच्या अर्जांत ही दुबार चूक मला सर्रास दिसते, आणि वाईट वाटतं, कारण ती घाबरून केलेली असते.

प्रिपोझिशन पुढे आणलं की त्याच्यामागे 'दॅट' किंवा 'हू' चालत नाही. वस्तूला 'व्हिच', माणसाला 'हूम'. 'द फ्लॅट इन दॅट आय लिव्ह' चूक, 'द फ्लॅट दॅट आय लिव्ह इन' बरोबर. 'टू हूम आय स्पोक' आणि 'हू आय स्पोक टू' ही जोडीही तशीच. 'व्हिच' गाळायचं असेल तर प्रिपोझिशन शेवटीच हवं.

आता वरिष्ठांच्या नियमाबद्दल. तो आला कुठून हे माहीत असलेलं बरं, म्हणजे मनातली भीती जाईल. १६७२ मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडन याने आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या एका ओळीवर, ती प्रिपोझिशनने संपते म्हणून, आक्षेप घेतला. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या पाद्र्याने आपल्या व्याकरणात लिहिलं की बोलण्यात आणि घरगुती लिखाणात ही लकब इंग्रजीला साजते, गंभीर लिखाणात मात्र प्रिपोझिशन आधी आलेलं डौलदार दिसतं. म्हणजे त्याने सांगितला तो लिखाणातला फरक. पुढे शाळांमधून त्याची सरसकट बंदी झाली आणि आपल्याकडेही ती तशीच घोकली गेली. आजची व्याकरणं ती मानत नाहीत. तरी यावरून ऑफिसात वाद घालू नका. करारपत्र, अहवाल, सरकारी अर्ज यांत 'ऑन व्हिच' लिहा, ते शोभतंच. रोजच्या मेलमध्ये आणि बोलताना 'आय वर्क्ड ऑन' सहज वाटतं.

काही ठिकाणी मात्र निवडच नसते. क्रियापद आणि प्रिपोझिशन मिळून एकच अर्थ झाला असेल तर जोडी फोडायची नाही. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, म्हणून 'द चाइल्ड शी लुक्स आफ्टर'. 'आफ्टर हूम शी लुक्स' म्हटलं तर ती मुलामागून बघतेय की काय असं वाटेल. 'द फॉर्म आय फिल्ड इन' हेही तसंच. उलट 'ड्युरिंग' पुढेच शोभतं: 'द मीटिंग ड्युरिंग व्हिच द लाइट्स वेंट आउट'. 'द स्पीड ॲट व्हिच', 'द एक्स्टेंट टू व्हिच', 'द ईज विथ व्हिच' ही तर तयार जोडकामं आहेत, जशीच्या तशी पाठ करा. स्वल्पविरामानंतर संख्या सांगायची असेल तेव्हाही 'ऑफ' पुढेच राहतं: 'वी मेट टेन कँडिडेट्स, थ्री ऑफ हूम लिव्ह इन ठाणे.' इथे 'थ्री ऑफ देम' लिहिलं तर दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवल्यासारखी होतात. ऑफिसच्या मेलांत हे फार दिसतं.

'व्हेअर'चं तुम्ही शेवटी विचारलंय. त्यात 'इन' किंवा 'ॲट' आधीच मुरलेलं असतं, म्हणून 'द ऑफिस व्हेअर आय वर्क' इथेच थांबा, पुढे 'इन' नको. 'व्हेन'चंही तसंच. 'द वे हाउ' मात्र कधीच लिहू नका, 'द वे इन व्हिच' किंवा नुसतं 'द वे'.

आणि तुम्ही खाली दिलेलं वाक्य, 'द क्लायंट विथ हूम वी हॅड अ कॉल विथ येस्टरडे', मेलमध्ये असं पाठवा: 'द क्लायंट वी हॅड अ कॉल विथ येस्टरडे'. वरिष्ठांना शेवटी 'विथ येस्टरडे' खटकलंच, तर 'विथ हूम वी हॅड अ कॉल येस्टरडे' करून द्या.