वाचकांचे प्रश्न: अलॉय व्हील घेताना दुकानात काय काय विचारायचं

यावेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न चाकांचे आहेत. छोट्या गाडीला अलॉय टाकायचेत, टायर बदलायचेत, दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरंच सांगतात आणि माणूस मध्येच अडकतो. म्हणून आज फक्त चाकं आणि टायर, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न: दादा, माझी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, रोज हडपसर ते चाकण जाणं-येणं असतं. टायर अजून कंपनीचेच, १६५/८० आर १४, आता नक्षी संपत आलीय. लोखंडी रिम आणि प्लास्टिकच्या व्हीलकॅपचाही कंटाळा आलाय. दुकानदार म्हणतो डायरेक्ट १६ इंची अलॉय टाका, १९५/५५ टायर आरामात बसतं, गाडी एकदम भारी दिसेल. मित्र म्हणतो ॲव्हरेज पडेल. काय करू? — एक वाचक, पुणे

भारी दिसेल यात काहीच शंका नाही, आणि दुकानदार बसतं म्हणतोय तेही खरंच आहे, पण तुमचा रस्ता कोणता ते आधी बघा. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंच साईडवॉल (टायरची बाजूची भिंत), आणि शेवटचा रिमचा इंच. तुमच्या आताच्या टायरची साईडवॉल १३२ एमएम उंच आहे. १९५/५५ आर १६ घेतलं की ती १०७ वर येते, म्हणजे रिम आणि खड्ड्याच्या कडेमध्ये जे रबर आणि हवा आहे ती २५ एमएमने कमी झाली. नाशिक हायवेला मोशी-चाकणच्या पट्ट्यात पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला एक खड्डा लागला की एक तर रिम बेंड होणार नाहीतर टायरला साईडला फोड येणार, आणि साईडवॉलला फोड आलेलं टायर कोणी काहीही सांगितलं तरी रिपेअर होत नाही, ते फेकायचंच.

मधला चांगला रस्ता मारुतीनेच काढून ठेवलाय. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या झेडएक्सआय व्हेरियंटला १८५/६५ आर १५ येतं. हिशेब करून बघा, तुमच्या टायरची पूर्ण उंची साधारण ६२० एमएम आणि याची ६२१.५, म्हणजे स्पीडोमीटर, ग्राउंड क्लिअरन्स सगळं जिथल्या तिथे राहतं, साईडवॉल १२० एमएम मिळते आणि रुंदी २० एमएमने वाढल्यामुळे ब्रेक मारल्यावर, वळणावर पकड वाढलेली लगेच कळते. शिवाय सस्पेन्शन आणि मडगार्डची जागा कंपनीने या साईजवर टेस्ट केलेली असते. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला टॉप मॉडेलची साईज ही शेवटची पायरी, त्याच्या पुढे जाऊ नका.

मित्राचंही बरोबर आहे, ॲव्हरेज थोडं पडतं, कारण टायर रुंद झालं आणि वजन एक्सलपासून लांब गेलं. अलॉय म्हणजे हलकंच असा सगळ्यांचा समज असतो आणि तो इथेच चुकतो, कारण बाजारातले स्वस्तातले अलॉय जाडजूड ओतलेले असतात, इंच वाढल्यावर तर ते तुमच्या लोखंडी रिमपेक्षा जड निघू शकतात. दुकानात वजनकाटा मागा, नसेल तर एका हातात जुनी रिम आणि दुसऱ्या हातात नवीन अलॉय उचलून बघा, लाजू नका.

साईजच्या बाबतीत अजून एक. दुकानात जी साईज पडून असते ती "चालते" म्हणून गळ्यात मारली जाते. १७५/६५ आर १४ तुमच्या आताच्या रिमवर बसेल पण टायरची उंची ५८३ वर येते, गाडी जवळजवळ १८ एमएम खाली बसते, पहिल्याच उंच स्पीडब्रेकरला खालून आवाज येणार आणि मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ७५ च्या आसपास असेल. उलट १९५/६५ आर १५ टाकलं तर उंची ६३४ च्या वर जाते, मागे तीन जण बसले आणि खड्डा आला की मडगार्डच्या आतल्या लायनरला घासण्याची शक्यता. साईजमधल्या एका आकड्याने एवढा फरक पडतो.

टायरवर साईजच्या पुढे ८५ टी, ८८ एच असंही लिहिलेलं असतं, तेही वाचा. आकडा वजनाचा, ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, आणि अक्षर वेगाचं, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. जुन्या टायरवर जे आहे त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलं तर हरकत नाही.

आणि बजेट कमी पडत असेल तर आधी टायर घ्या, चारही चांगल्या कंपनीचे, आणि अलॉय पुढच्या वर्षी. मात्र १५ इंचीवर जायचं पक्कं असेल तर दोन्ही एकदमच करा, नाहीतर आता घेतलेले १४ चे टायर वाया जातील. काहीही झालं तरी महागड्या अलॉयवर स्वस्तातले टायर असं करू नका, रस्त्याला टेकतं ते टायर टेकतं.

प्रश्न: माझ्याकडे पण स्विफ्ट आहे. ओळखीतून होंडा सिटीचे काढलेले ओरिजिनल अलॉय मिळतायत, एकदम स्वच्छ. विकणारा म्हणतो पीसीडी सेम आहे, डोळे झाकून घ्या. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

डोळे झाकून तर अजिबात नाही. पीसीडी म्हणजे चार नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, आणि तो स्विफ्टला ४ बाय १०० आहे, चार नटांच्या सिटीलाही ४ बाय १००, तेवढं त्याचं खरं. पण चाक बसायला नुसता पीसीडी पुरत नाही.

मधलं मोठं भोक बघा, त्याला सेंटर बोअर म्हणतात. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे ज्यावर हे भोक बसतं त्या गाडीच्या गोल भागाचा, व्यास ५४.१ एमएम, होंडाच्या चाकाचं भोक ५६.१. म्हणजे चाक हबवर जाईल पण घट्ट बसणार नाही, दोन एमएमचा खेळ राहतो, सगळा भार नटांवर येतो आणि ८०-९० च्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागतं. मग माणूस तीन-तीनदा बॅलन्सिंग करून पैसे घालवतो आणि दोष टायरला देतो. यावर उपाय आहे, हब रिंग. बाहेरून ५६.१ आणि आतून ५४.१ अशी रिंग मिळते, दोनेकशे रुपयांत नाही तर थोड्या जास्तीत, ती चारही चाकांना टाकायची.

पुढचं जास्त गंभीर आहे. सिटीच्या ओरिजिनल अलॉयमध्ये नट जिथे टेकतो ती जागा गोलाकार असते, वाटीसारखी. स्विफ्टचा नट शंकूसारखा निमुळता. निमुळता नट गोल वाटीत घातला तर तो एका बारीक कडेवर टेकतो, पान्याने आवळताना घट्ट वाटतो आणि चालता चालता सैल होतो. होंडाचेच नट घेऊ म्हणाल तर आटे वेगळे, होंडा एम १२ बाय १.५ आणि मारुती एम १२ बाय १.२५, जबरदस्तीने फिरवला तर नट ज्यावर फिरतो तो स्टडच खराब. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं, हा सेट सोडून द्या, कितीही स्वच्छ असला तरी.

काढीवच घ्यायचा असेल तर स्विफ्टच्या टॉप मॉडेलचा किंवा बलेनोचा बघा. जुन्या एलिट आय२० चाही पीसीडी ४ बाय १०० आणि बोअर ५४.१ असतो, नट मात्र स्वतःच्या गाडीचेच वापरायचे आणि ऑफसेट तपासायचा. चाकाच्या आतल्या बाजूला ईटी आणि पुढे आकडा कोरलेला असतो, तो ऑफसेट. जुन्या चाकापेक्षा हा आकडा दहाने कमी असेल तर चाक दहा एमएम बाहेर येतं, बेअरिंगवर ताण वाढतो, चिखल दारांवर उडतो. चार-पाचचा फरक चालून जातो.

आणि काढीव चाक घेताना ते बॅलन्सिंग मशीनवर टायर न लावता फिरवून घ्या. दहा सेकंदांत बेंड दिसतो. आतली कड बोट फिरवून बघा, वेल्डिंग केलेलं असेल तर रंगाखाली उंचवटा लागतो, असं चाक फुकट दिलं तरी नको. लोखंडी रिम ठोकून सरळ होते, अलॉयला तडा गेला की त्याचं काम संपलं.

नवीन घेत असाल तर आयएसआय मार्क बघा, मॅक्स लोड किती लिहिलंय ते बघा. काही चाकांवर जेडब्ल्यूएल असंही असतं, ते जपानी स्टँडर्डचं चिन्ह आहे. चाकावर काहीच कोरलेलं नसेल, ना लोड ना ऑफसेट, तर कितीही डिस्काउंट असला तरी दुकानातून बाहेर या.

प्रश्न: माझी वॅगन आर आहे, अलॉय वगैरे काही नको, फक्त टायर. सध्या दोनच बदलायचं बजेट आहे. मेकॅनिक म्हणतो नवीन दोन पुढे टाका कारण इंजिन पुढचीच चाकं ओढतं. दुकानदार दोन वर्षं जुना स्टॉक डिस्काउंटमध्ये देतोय, घेऊ का? — एक वाचक, चिपळूण

ताई, नवीन दोन टायर मागे टाका. मेकॅनिकचं म्हणणं ऐकायला पटतं पण पावसात ते उलटं पडतं. पुढचं टायर पाण्यावर घसरलं तर गाडी सरळ जाते, स्टेअरिंग हलकं लागतं, तुम्हाला कळतं आणि तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता. मागचं टायर घसरलं तर गाडी मागून फिरते आणि कुंभार्ली घाटाच्या वळणावर ती सावरणं अनुभवी ड्रायव्हरलाही जमत नाही. म्हणून आता मागचे बरे असलेले दोन पुढे घ्या, नवीन मागे.

नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ एमएम उरलं आणि टायर कायद्यानेही बाद. पण कोकणातल्या पावसात तिथपर्यंत थांबू नका, ३ एमएमच्या खाली गेलं की पाणी बाहेर फेकायची ताकद बरीच कमी झालेली असते.

जुन्या स्टॉकचं म्हणाल तर साईडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. हे आकडे कधी कधी एकाच बाजूला असतात, न दिसल्यास टायर उलटून बघा. सहा-आठ महिन्यांचा स्टॉक काही वाईट नाही. दोन वर्षांचा मी घेणार नाही, कारण तुमची गाडी कमी फिरत असेल तर नक्षी संपायच्या आधी रबरच कडक होईल आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकडत नाही. ब्रँड निवडताना "जास्त किलोमीटर चालतं" यापेक्षा ओल्यात ब्रेक कसा लागतो हे विचारा, बहुतेक वेळा खूप चालणारं टायर कडक रबराचं असतं.

प्रश्न: समृद्धीवरून नागपूर ते मुंबई जायचंय. नवीन अलॉय आणि टायर टाकलेत. हवा कमी ठेवायची म्हणतात कारण गरम होऊन वाढते. आणि नायट्रोजन भरू का? — एक वाचक, नागपूर

हवा कमी ठेवायची नाही, अजिबात नाही, ही समजूत लोकांच्या जिवावर उठते. टायर फुटण्याचं मोठं कारण कमी हवा आहे. हवा कमी असली की साईडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता तयार होते, आणि ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, १२० ची लिमिट, तासन् तास एकाच वेगात, म्हणजे थंड व्हायला वेळच मिळत नाही. त्यात डिकी भरलेली आणि पाच माणसं.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा आहे, फुल लोडचा वेगळा दिला असेल तर तो, सकाळी गाडी थंड असताना भरा. वाटेत चेक केली तर चार-पाच पीएसआय वाढलेली दिसेल, ती काढायची नाही, कंपनीने ते गृहीत धरलेलंच असतं. नायट्रोजन भरला तर वाईट नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे महिन्याला दोनदा प्रेशर बघणं जास्त कामाचं. निघायच्या आधी व्हील पाना घेऊन नटही बघा, नवीन अलॉय बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरला नट पुन्हा आवळावेच लागतात. पाय देऊन पान्यावर उभं राहू नका, मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते, दिलेला असतो तेवढाच.

स्टेपनीचं राहिलं. ती लोखंडीच असेल तर अलॉयचे नट तिला बसतात का ते घरीच एकदा लावून बघा, बसत नसतील तर जुने चार नट डिकीत टाका.

प्रश्न: अलॉय डायमंड कट आहेत, दोन पावसाळ्यांत कडेला पांढऱ्या बुरशीसारख्या रेषा आल्या. — एक वाचक, रत्नागिरी

डायमंड कट म्हणजे मशीनवर कापून चमकवलेलं चाक. खडी लागून त्याच्या वरचा पारदर्शक लॅकर फुटला की खारी हवा आत शिरते आणि ॲल्युमिनियम आतून गंजत जातं. वॉशिंग सेंटरवाले ॲसिडचं क्लीनर मारतात त्याने आणखी लवकर होतं, साधा शाम्पू वापरायला सांगा. आता पूर्ण चाक घासून साधा सिल्व्हर किंवा ग्रे रंग करून घ्या. समुद्राकाठी डायमंड कट घेऊच नये असं मला वाटतं.

प्रश्न: बाहेरून अलॉय टाकले तर आरटीओ किंवा इन्शुरन्सचा त्रास होतो का? — एक वाचक, ठाणे

तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटची साईज असेल आणि चाक मडगार्डच्या बाहेर येत नसेल तर सहसा कोणी अडवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे, बाहेर आलेली रुंद चाकं त्यात अडकू शकतात. इन्शुरन्स कंपनीला मात्र बिलाची कॉपी पाठवून पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून नोंद करून घ्या, थोडा प्रीमियम वाढेल. नोंद नसेल तर चाकं चोरीला गेल्यावर कंपनी लोखंडी रिमचेच पैसे धरेल. म्हणून बिल पक्कं घ्या, त्यावर साईज आणि चाकाची कंपनी लिहून घ्या, आणि जुन्या रिम लगेच भंगारात देऊ नका, गाडी विकताना त्यांच्यासकट द्यायच्या आणि अलॉय स्वतःकडे ठेवायचे असं करता येतं.