काका, घर बँकेकडे ठेवण्याआधी काकूंचं वय बघा

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवली पूर्वेचे एक काका आहेत, वय ७१, खाजगी कंपनीतून रिटायर, काकू ६६. ईपीएसची (पीएफबरोबर मिळणारी) पेन्शन महिना ३,२००, बँकेत एफडी २८ लाखांच्या, त्याचं व्याज महिन्याला साधारण १६,०००. खर्च औषधं आणि मेडिक्लेम धरून ३६,०००. म्हणजे दर महिन्याला सोळा-सतरा हजार कमी पडतात आणि ते एफडी मोडून भागवतायत. स्वतःचा टू बीएचके आहे, बिल्डिंग १९९४ ची, फ्लॅट फक्त काकांच्या नावावर, एजंट म्हणतो ७५ लाख कुठे गेले नाहीत. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो म्हणतोय पण काकांचं म्हणणं मुलांपुढे हात पसरायचा नाही. म्हणून विचारतायत, रिव्हर्स मॉर्टगेज घेऊ का? म्हणजे राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं, बँक दर महिन्याला ठरलेली रक्कम देणार, आणि ते कर्ज व्याजासकट आपल्या मागे घरातून वसूल होणार.

काका, सरळ सांगतो, आत्ता नका घेऊ. योजना वाईट नाहीये. २००७ च्या बजेटमध्ये ती जाहीर झाली, नॅशनल हाउसिंग बँकेने नियम केले, आणि नियम तसे म्हाताऱ्या माणसाच्या बाजूचेच आहेत. आलेला पैसा कर्ज धरला जातो त्यामुळे त्यावर इन्कम टॅक्स नाही, दोघांनी मिळून घेतलं तर जिवंत असेपर्यंत तुम्ही दोघं त्याच घरात राहणार, आणि शेवटी कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालं तरी वरचा फरक मुलांकडून मागता येत नाही. मुलांनी कर्ज फेडलं तर घर त्यांना परत मिळतं. हे सगळं ठीक आहे पण तुमच्या केसमध्ये आकडा बसत नाही.

आकडा बघा. एजंटचे ७५ विसरा, बँकेचा व्हॅल्युअर जुन्या बिल्डिंगला हात आखडूनच किंमत लावतो, आपण ७० लाख धरू. त्याच्या ८० टक्के म्हणजे ५६ लाख, मुदत १५ वर्षं, व्याज मी साडेदहा टक्के धरलंय. तर महिन्याला हातात येतात फक्त १२,९०० च्या आसपास. लोकांना वाटतं ५६ लाख मिळणार आणि ते १८० महिन्यांत वाटले जाणार, पण तसं नसतं, ५६ लाख हा १५ वर्षांनी व्याजासकट होणारा कर्जाचा आकडा आहे. तुमच्या हातात एकूण येणार २३ लाखांच्या थोडं वर, आणि बाकीचं जवळजवळ ३३ लाख निव्वळ व्याज. दर पाच वर्षांनी घराची किंमत पुन्हा काढतात, भाव वाढला असेल तर बँकेकडून मिळणारा हप्ता थोडा वाढूही शकतो, पण त्या भरवशावर आज सही करू नका. आणि १२,९०० ने तुमचा सोळा-सतरा हजारांचा खड्डा भरतच नाहीये, घर अडकवूनसुद्धा एफडी मोडणं चालूच राहणार.

आता काकूंचं. १५ वर्षांनी तुम्ही ८६ चे, काकू ८१ च्या, आणि त्या महिन्यापासून बँकेचा हप्ता बंद. घराबाहेर कोणी काढणार नाही हे खरं, पण कर्जावर व्याज चढत राहतं आणि घरात पैसा येत नाही. तुमच्या मागे काकूंना ईपीएसची निम्मीच पेन्शन मिळेल, म्हणजे सोळाशे रुपये. ज्या वयात घरी मदतीला बाई लागते, पडलं-झडलं तर हॉस्पिटल लागतं, नेमका त्याच वयात हा नळ बंद होतो. तुमच्या मेलमध्ये काकूंबद्दल फक्त वय लिहिलंय, माझ्या मते सगळा प्रश्नच त्यांचा आहे.

त्यात फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर. काकू कर्जात को-बॉरोअर (सह-कर्जदार) नसतील तर तुमच्यानंतर कर्ज लगेच वसुलीला येऊ शकतं. नियमात एक जण साठीच्या पुढे आणि जोडीदार ५५ च्या पुढे असला की दोघांना मिळून घेता येतं, तेव्हा कधीही घेतलंत तरी काकूंशिवाय घेऊ नका. सोसायटीत नॉमिनेशन केलंय म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी म्हणजे वारस नाही, मृत्युपत्र वेगळं करावं लागतं.

थांबल्याने फायदा कसा होतो तेही बघा. हेच घर, हीच किंमत, एक रुपयाही भाव वाढला नाही असं धरलं आणि तुम्ही ७७ व्या वर्षी १० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला २६,५०० च्या आसपास येतात. दुप्पट! आणि हप्ता संपतो तेव्हा काकू ८२ च्या, म्हणजे आज घेतल्यापेक्षा एक वर्ष उशिराच. मुदत लहान झाली की व्याजाला चढायला वेळ कमी मिळतो, बाकी काही जादू नाही. घाईने ७१ ला सही करणाऱ्याचं घर सगळ्यात स्वस्तात जातं.

बिल्डिंगचं काय ते वेगळंच. बँक बघते की इमारतीचं उरलेलं आयुष्य किमान २० वर्षं आहे का, आणि १९९४ च्या डोंबिवलीच्या बिल्डिंगबद्दल इंजिनियर तसं लिहून देईल का हे तुम्हीच स्लॅबकडे बघून सांगा. वर तुम्ही लिहिलंय की रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत. मग तर अजिबातच नको. घर तारण असलं की पुनर्विकासाला बँकेची परवानगी लागणार, आणि सलग वर्षभर त्या घरात राहिला नाहीत तर बँक कर्ज वसुलीला काढू शकते असं कलम असतं. रिडेव्हलपमेंटमध्ये दोन-तीन वर्षं भाड्याने राहावं लागतं, तेव्हा काय करणार? (हेच कलम नातवंडांसाठी वर्षभर परदेशात जाऊन राहणाऱ्यांनाही लागू आहे, ते कोणी वाचत नाही.)

मग करायचं काय. पहिलं काम बिनखर्चाचं आहे. २८ पैकी २२ लाख, एफडी मॅच्युअर होतील तशा, पोस्टाच्या किंवा बँकेच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाका, सध्या ८.२ टक्के व्याज आहे, म्हणजे महिन्याला १५,००० पडतात. पैसे तीन महिन्यांनी एकदम येतात हे फक्त लक्षात ठेवा. सहा लाख अडीनडीला एफडीतच राहू देत. तुम्ही ७० च्या पुढचे आहात म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर आहे आणि उत्पन्नाची अट नाही, पण त्या जोरावर मेडिक्लेम बंद करू नका, काकूंना ७० पूर्ण व्हायला अजून चार वर्षं आहेत. एवढं करून खड्डा १४ हजारांवर येतो.

पुढचं तुम्हाला आवडणार नाही. टू बीएचके विकून त्याच भागात लिफ्टवाला वन बीएचके घ्या. ७५ ला विकला, ४८ ला घेतला, स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन, दलाली, ट्रान्सफर फी, सामान हलवणं असे पाच-साडेपाच लाख गेले तरी हातात २१ लाख राहतात. नवीन घर एकट्या काकूंच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सवलत आहे आणि आपला नावाचा प्रश्नही सुटतो. कॅपिटल गेनचं, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यावरच्या टॅक्सचं, सीएकडून लिहून घ्या, २००१ ची किंमत आणि इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे वाढवून धरलेली जुनी किंमत) धरलं आणि पैसा पुन्हा घरातच गेला तर टॅक्स फार येऊ नये. आता हे २१ आणि आधीचे २२ मिळून ४३ लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये, एका माणसाला ३० लाखांची मर्यादा आहे म्हणून तुमच्या नावे ३० आणि काकूंच्या नावे १३. व्याज महिन्याला २९,४००, एफडीचं साडेतीन हजार, पेन्शन ३,२००. बेरीज करा, ३६,०००. तुमचा आजचा खर्च. मुद्दल शाबूत, डोक्यावर कर्ज नाही, आणि महागाईने पुढे कमी पडायला लागलं की ८० च्या आसपास त्या वन बीएचकेवर रिव्हर्स मॉर्टगेज करायची सोय आहेच.

तीस वर्षांचा शेजार सोडायचा म्हणजे काय ते मला कळतं, आणि हा खर्च कुठल्याच एक्सेलमध्ये बसत नाही. म्हणून त्याच भागात म्हणतोय, कमी पैशात मोठं मिळतं म्हणून बदलापूरच्या पुढे जायचं मनात आणू नका, डॉक्टर आणि दूधवाला ओळखीचा राहिला पाहिजे.

रिडेव्हलपमेंटसाठी थांबायचं का? सर्वसाधारण सभेत विकासक ठरला असेल आणि करार रजिस्टर व्हायच्या मार्गावर असेल तर आत्ता विकू नका, भाडं बिल्डर देईल आणि नवीन बिल्डिंगमधला फ्लॅट विकायलाही सोपा, तारण ठेवायलाही सोपा. पण नुसत्या मीटिंगा चालू असतील, ५१ टक्के सह्याच होत नसतील, कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होण्याचा, पत्ता नसेल, तर ते किती वर्षं चालेल याचा नेम नाही आणि तोपर्यंत तुमच्या एफडी वितळतील. सेक्रेटरीला गाठा आणि कागद बघायला मागा, तोंडी काही ऐकू नका.

घर हलवायचंच नाही असं दोघांनीही ठरवलं, तर मुलाचं म्हणणं पुन्हा ऐका, जरा वेगळ्या नजरेने. बँक तुम्हाला १२,९०० देणार आणि ५६ लाखांचा बोजा चढवणार. तेच पैसे मुलगा आणि मुलगी निम्मे-निम्मे देतील तर प्रत्येकी साडेसहा हजार होतात, व्याज शून्य, आणि घर शेवटी त्यांचंच. यात हात पसरणं कुठे आलं, मुलांनाच उलट १५ वर्षांत २३ लाख भरून आजच्या ७० लाखांचं घर मिळतंय. फक्त दोघांना एकत्र बसवून बोला, एकटा मुलगा देणार असेल तर मुलीला ते माहीत असू दे आणि मृत्युपत्रात तसा हिशोब लिहा, आधी काकू हयात असेपर्यंत घर काकूंचं आणि मग मुलांचं. आणि बक्षीसपत्र आत्ता करून टाकू नका. महाराष्ट्रात मुलांना राहतं घर बक्षीस द्यायला स्टॅम्प ड्यूटी २०० रुपये, म्हणून लोक पटकन करतात. पोरांनी नंतर सांभाळलं नाही तर ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी प्रांताकडे खेटे घालायचं वय आहे का तुमचं?

रिव्हर्स मॉर्टगेज ज्यांना खरंच बसतं ते वेगळे. मूलबाळ नाही किंवा मुलं तिकडेच कायमची स्थायिक आणि घराची गरज नाही, घर भारी किमतीचं, वय ७५ च्या पुढे आणि हलायचं नाही. त्यांनीही दोन-तीन बँकांत विचारावं, कारण पुष्कळ ब्रांचमध्ये ही योजना कागदावरच असते.

तुम्ही मला दोन गोष्टी कळवा, सोसायटीचा ठराव झालाय का, आणि काकूंना लिफ्टवाला वन बीएचके चालेल का. दुसरीचं उत्तर मात्र त्यांनाच लिहायला सांगा.