कोरोनात सगळ्यांनी कमावलं म्हणतात, मग तालुक्याचा दवाखाना बुडाला कसा?

भाऊ, तुमच्या तालुक्याच्या गावी ट्रस्टचा पंचवीस खाटांचा दवाखाना होता आणि तो कोरोनानंतर बंद पडला. आता काही मंडळी तो परत सुरू करायचं म्हणताहेत. पण गावात एकच बोलणं आहे, की कोरोनात दवाखान्यांनी रग्गड कमावलं, मग इथला पैसा खाल्ला कोणी? तुम्ही तेच विचारलंय. मी बऱ्याच वर्षांपासून यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या लहान दवाखान्यांचे हिशेब बघतो. तुमच्या ट्रस्टची पुस्तकं पाहिलेली नाहीत, त्यामुळे कोणावर बोट ठेवणार नाही. पण कोणी एक रुपया न खाताही असा दवाखाना बुडतो आणि तसे बुडालेले मी पाहिले आहेत.

आपल्याकडे दवाखान्यात पैसा कधी येतो ते आधी बघा. पावसाळ्यात तापाचे, हगवणीचे, साप चावलेले पेशंट भरपूर असतात, पण तेव्हा कास्तकाराचा पैसा बियाणं, खत, निंदणात गेलेला असतो. बिल अर्धं मिळतं, अर्धं वहीत राहतं. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, गर्भपिशवी, मोतीबिंदू ही ऑपरेशनं लोक कापूस विकेपर्यंत पुढे ढकलतात. चुकारा हाती आला आणि शेतातलं काम आटोपलं की मग भरती होतात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे. बाळंतपणं आणि सिझेरियन बारमाही असतात, त्यांवर पगार निघतात. पण वर्षाची तूट भरून काढतात ते हेच चार महिने.

आता याला तारखा जोडून बघा. 25 मार्च 2020 पासून लॉकडाउन. कापसाची सरकारी खरेदी थांबली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 5,550 रुपये क्विंटल होता. खरेदी परत सुरू झाली तेव्हा केंद्रावर दिवसाला मोजक्याच गाड्या, आधी नोंदणी, मग कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची वाट. ज्याला थांबणं परवडलं नाही त्यानं हमीभावाच्या बरंच खाली व्यापाऱ्याला कापूस दिला. पेशंट घरात आणि त्याचा कापूसही घरात. 2020च्या खरिपात सोयाबीनही हातचं गेलं आणि कापसावर बोंडअळी पडली. तरीही फेब्रुवारीत लोक येतील अशी आशा होती, तर 22 फेब्रुवारी 2021 पासून अमरावती आणि अचलपुरात लॉकडाउन, यवतमाळातही निर्बंध. दुसऱ्या लाटेची सुरुवात राज्यात आपल्याच भागात दिसली आणि ती मेपर्यंत चालली. सलग दोन वर्षं दवाखान्याचा कमाईचा हंगाम कोरा गेला. माझ्या मते बुडण्याचं मूळ इथे आहे. लोक कोरोना वॉर्डाच्या बिलांकडे बघतात, पण बाकीच्या खाटा रिकाम्या होत्या हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

खाट रिकामी असली तरी सिस्टर, मावशी, लॅबवाला यांचे पगार, विजेचं बिल, सोनोग्राफी मशीनचा हप्ता चालूच असतो. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट 2020 हप्ते थांबवायची सवलत दिली, पण व्याज चढत राहिलं. केंद्राच्या हमीवर मिळणारं तातडीचं कर्ज आधीच्या फेडायच्या राहिलेल्या कर्जाच्या 20 टक्क्यांपर्यंत होतं. ज्या ट्रस्टनं जन्मात कर्ज काढलं नाही, त्याच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मला याची फार चीड येते, कारण अशाच संस्थांनी गरिबांना कमीत कमी पैशात बरं केलं होतं.

मग कोरोना वॉर्ड उघडून तरी पैसा यायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. मे 2020 मध्ये राज्य सरकारनं खासगी दवाखान्यांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले: साध्या वॉर्डात दिवसाला 4,000, आयसीयूत 7,500 आणि व्हेंटिलेटर लागला तर 9,000 रुपये. खाट, नर्सिंग, जेवण, डॉक्टरची तपासणी, नेहमीच्या चाचण्या त्यातच. पीपीई किट आणि महागडी इंजेक्शनं वेगळी. दर बांधले ते बरोबरच केलं, नाहीतर लोकांचं काय झालं असतं ते मोठ्या शहरातल्या काही बिलांवरून दिसलंच. जून 2021 मध्ये शहरांचे तीन वर्ग पाडले आणि आपल्यासारख्या क वर्गाचा दर 2,400, 4,500 आणि 5,400 झाला. जागा स्वस्त म्हणून दर कमी, असा तो हिशेब होता. पण भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन गावात नसतो, त्याला जिल्ह्याच्या ठिकाणाहून बोलवावं लागतं आणि त्याची फी शहरापेक्षा जास्तच पडते.

ऑक्सिजनचंच बघा. जंबो सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर गॅस असतो. मिनिटाला 10 लिटर लागणाऱ्या पेशंटला दिवसाला दोन सिलिंडर पुरतात. तोच पेशंट मिनिटाला 60 लिटरच्या मशीनवर गेला की एक सिलिंडर दोन तासही टिकत नाही. सप्टेंबर 2020 पासून केंद्रानं भरलेल्या सिलिंडरमधल्या गॅसचा दर घनमीटरला 25.71 रुपये ठरवला होता, म्हणजे एका सिलिंडरचा गॅस जीएसटी सोडून जेमतेम 180 रुपयांचा. खर्च होता तो आणण्याचा. विदर्भाचा बराचसा लिक्विड ऑक्सिजन भिलाईच्या पोलाद कारखान्यातून यायचा. तो जिल्ह्यात भरून घ्यायला गाडी, दोन माणसं आणि रांगेत गेलेली रात्र. शिवाय जादा सिलिंडरची अनामत रोख भरायची. त्या रात्रीचा खर्च कोणत्याच बिलात बसत नव्हता. ऑक्सिजन प्लांटसाठी 2 कोटींपर्यंत पूर्ण हमीचं कर्ज केंद्रानं 30 मे 2021ला जाहीर केलं, तेव्हा लाट ओसरत होती.

त्यातच 9 जानेवारी 2021ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून 10 बाळं गेली. त्यानंतर सगळीकडे फायर ऑडिट झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण जुन्या इमारतीतल्या लहान दवाखान्याला वायरिंग आणि आगीची यंत्रणा नव्यानं बसवायचा खर्च नेमका तिजोरी रिकामी असताना आला. शिकलेल्या सिस्टर जादा पगारावर शहरात आणि सरकारी करारावर गेल्या. त्यांना दोष कसा द्यायचा?

आता गावाच्या बाजारपेठेकडे या. एप्रिल 2021 मध्ये पेशंट वाचवायला लोक नागपूर, वर्धा, थेट हैदराबादपर्यंत गेले आणि पैसाही त्यांच्यासोबत गेला. ऑगस्ट 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सोन्याच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली होती, ती 31 मार्च 2021ला संपली. म्हणजे ऐन एप्रिलमध्ये लोक दागिने घेऊन बँकेत उभे राहिले तेव्हा मर्यादा परत 75 टक्क्यांवर आली होती. उरलेलं सावकाराकडून. रोखीनं किती पैसा गेला असेल याचा अंदाज एवढ्यावरून करा, की दवाखान्यांनी 2 लाख किंवा त्यावर रोख घेऊ नये हा आयकराचा नियम केंद्राला एप्रिल आणि मे 2021 पुरता कोविडच्या उपचारासाठी शिथिल करावा लागला.

हा पैसा मिरगाच्या पेरणीचा होता. तो गेला म्हणून कृषी केंद्रावर उधारी वाढली, किराण्यावर वाढली आणि दवाखान्याच्या वहीतली जुनी उधारीही वसूल होईना. औषधांच्या स्टॉकिस्टनं रोख मागायला सुरुवात केली. दवाखाना मंदावला तशी समोरची मेडिकल, खानावळ, ऑटोवाले, फळांची गाडी यांचीही रोजी गेली. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या रेशनकार्डवाल्या शेतकऱ्यालाही आधीपासून उपचार मिळत होते आणि 2020 मध्ये योजना सगळ्यांना खुली झाली. पण योजनेच्या यादीत असलेल्या दवाखान्यालाच क्लेम मिळतो आणि मिळायला वेळ लागतो. तोवर पगार कोणी द्यायचे?

2022च्या सुरुवातीला कापूस 10,000 रुपयांवर गेला. पैसा परत आला, पण तोवर माणसं पांगली होती आणि पेशंटनाही जिल्ह्याला जायची सवय लागली होती.

म्हणून इमारत रंगवण्याआधी ट्रस्टच्या मंडळींना तीन कागद काढायला लावा. 2018-19 आणि 2020-21चं महिनावार भरती रजिस्टर, त्यात फेब्रुवारी ते मे वेगळे करून. उधारीची यादी, माणूस हयात आहे की नाही या नोंदीसह. अडकलेल्या आणि नाकारलेल्या क्लेमची यादी. आणि निदान चार महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात जमा झाल्याशिवाय नवी मशीन हप्त्यावर घेऊ देऊ नका, डॉक्टर कितीही आग्रह करोत. भूलतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस यायला तयार आहे हे लेखी घ्या, कारण हंगामातली सगळी ऑपरेशनं त्याच्यावरच अवलंबून आहेत. कागद मिळाले की इथे आकडे टाका, नावं टाकू नका. मी बघून सांगतो.